आय.पी. पत्त्यांची तोतयेगिरी आणि फायरवॉलवरील सीमातपासणी

दि. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची, अर्थात एम्सची, संगणकव्यवस्था सायबर हल्ल्यामुळे ठप्प झाली. बाह्यरुग्ण विभागातील नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, देयके, रुग्णांना दाखल करून घेणे आणि घरी सोडणे ही ई-हॉस्पिटल प्रणालीवर चालणारी कामे सुमारे दोन आठवडे कागद-लेखणीच्या साहाय्याने करावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार संस्थेचे पाच सर्व्हर बाधित झाले होते व सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कूटबद्ध करून ठेवला होता. सुदैवाने ई-हॉस्पिटलचा डेटा राखीव प्रतीवरून पुन्हा मिळवता आला. या उत्तरातील एक तपशील मात्र फारसा चर्चेत आला नाही. प्राथमिक विश्लेषणानुसार, अज्ञात हल्लेखोरांना सर्व्हरपर्यंत पोहोचता आले ते संगणक जाळ्याचे विभाजन योग्य प्रकारे केलेले नसल्यामुळे, असे सरकारने नमूद केले होते.

जाळ्याचे विभाजन म्हणजे काय आणि ते प्रत्यक्षात कोठे घडते, हे समजून घ्यायचे तर फायरवॉलच्या इंटरफेसपासून सुरुवात करावी लागते. प्रस्तुत लेखात या विभाजनाचा एकच पैलू विचारात घेतला आहे. एका विभागातील संगणकाने दुसऱ्या विभागातील संगणकाचा पत्ता लावून आत येण्याचा प्रयत्न केला, तर तो कसा ओळखावा? या प्रकारास आय.पी. स्पूफिंग असे म्हणतात. एम्सवरील हल्ला स्पूफिंगमुळे झाला असे कोणत्याही अधिकृत निवेदनात म्हटलेले नाही आणि तसे सुचवण्याचा येथे हेतूही नाही. तथापि, विभाग पाडणे आणि विभागांच्या सीमेवर तोतये ओळखणे ही दोन्ही कामे एकाच उपकरणावर, एकाच नकाशाच्या आधारे होतात.

पत्ता हा केवळ दावा

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटमध्ये विभागलेली असते. प्रत्येक पॅकेटच्या आरंभी किमान २० बाइटचे शीर्ष असते आणि त्यात पाठवणाऱ्याचा व ज्याला पाठवायचे त्याचा, असे दोन पत्ते असतात. आय.पी. च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो. वाटेतील राउटर हे पॅकेट कोठे जायचे आहे एवढेच पाहतात; ते कोठून आले आहे हे तपासण्याची त्यांना एरवी गरज भासत नाही. टपालाच्या पाकिटावर मागील बाजूस प्रेषकाने स्वतःचा म्हणून कोणताही पत्ता लिहिला तरी पत्र पोहोचते, तसाच हा प्रकार आहे. इंटरनेटची मूळ रचना परस्परांना ओळखणाऱ्या संशोधन संस्थांमध्ये झाली. तेथे प्रेषकाच्या पत्त्याची सत्यता पडताळण्याचे काम जाळ्यावर सोपवण्यात आले नव्हते.

तोतया हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. पानिपतच्या रणातून १७६१ साली परत न आलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन वावरणाऱ्या तोतयाने पेशवे दरबारास दीर्घकाळ घोर लावला होता व अखेरीस १७७६ मध्ये त्यास देहदंड झाला. चेहरेपट्टी, खाणाखुणा, आठवणी यांवरून खरे-खोटे ठरवणे किती कठीण असते, हे त्या प्रकरणाने दाखवले. पॅकेटला तर चेहराही नसतो. त्याच्यापाशी असतो तो फक्त पत्ता, आणि तोही त्याने स्वतःच सांगितलेला.

अशा वेळी पडताळणीस उपयोगी पडणारी एकच गोष्ट उरते. पॅकेट कोणत्या दारातून आले, हे पॅकेट स्वतः सांगत नाही. ते दाराला माहीत असते. हेच दार म्हणजे फायरवॉलचा इंटरफेस होय.

१९९४ चा धडा

टी.सी.पी. प्रणालीतील या उणिवेकडे रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ मध्ये आणि स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ मध्ये आपापल्या निबंधांतून लक्ष वेधले होते. तरीही ही चर्चा तज्ज्ञांपुरतीच राहिली. दि. २५ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे संशोधक त्सुतोमु शिमोमुरा यांच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा तिचे गांभीर्य जगाच्या लक्षात आले. या प्रकरणी पुढे केविन मिटनिक यास अटक झाली. हल्ल्याची पद्धत अशी होती : शिमोमुरा यांच्या जाळ्यातील एक संगणक दुसऱ्यावर, केवळ त्याचा पत्ता पाहून, विश्वास ठेवत असे. हल्लेखोराने बाहेरून पॅकेट पाठवली, पण त्यांवर प्रेषक म्हणून त्या विश्वासू संगणकाचा पत्ता लावला. उत्तरे अर्थातच खऱ्या संगणकाकडे जात होती व हल्लेखोरास ती दिसत नव्हती. परंतु त्या काळी टी.सी.पी. चे अनुक्रमांक अंदाजाने ओळखता येत असल्याने न दिसणाऱ्या संभाषणातही तो आपली बाजू पुढे रेटू शकला.

जानेवारी १९९५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या केंद्राने यासंबंधी सूचना प्रसृत केली. तिचा आशय साधा होता. बाहेरील इंटरफेसवर येणाऱ्या पॅकेटचा प्रेषक-पत्ता जर आपल्याच आतील जाळ्यातील असेल, तर ते पॅकेट खोटे आहे; आतला संगणक बाहेरच्या दारावर टकटक करील कशाला? त्या सूचनेत एक तांत्रिक इशाराही होता व तो विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या वेळचे काही राउटर पॅकेट बाहेर पडताना गाळणी लावू शकत, आत येताना नव्हे. पॅकेट एकदा उपकरणाच्या आत शिरून दुसऱ्या इंटरफेसवर पोहोचले, की ते कोठून आले ही माहिती हरवलेली असते. म्हणून तपासणी प्रवेशाच्याच जागी व्हावी लागते.

इंटरफेसला नकाशा शिकवणे

समजा, दिल्लीतील एका कार्यालयाच्या फायरवॉलला तीन इंटरफेस आहेत. पहिल्यास सेवापुरवठादाराची तार जोडलेली आहे. हा बाहेरील इंटरफेस. दुसऱ्यामागे कर्मचाऱ्यांचे संगणक असून त्यांना १०.२०.१.०/२४ या गटातील पत्ते दिलेले आहेत. येथे २४ चा अर्थ असा, की ३२ पैकी पहिले २४ बिट ठरलेले आहेत आणि उरलेल्या आठांतून २५६ पत्ते तयार होतात. तिसऱ्यामागे नागरिकांसाठी खुले असलेले सर्व्हर आहेत; त्यांचा गट २०३.०.११३.०/२४ मानू. हा गट उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.

आता व्यवस्थापकाने प्रत्येक इंटरफेसला त्याच्या मागे कोणते पत्ते राहतात हे सांगावयाचे असते. दुसऱ्या इंटरफेसवरून १०.२०.१.७ हा पत्ता असलेले पॅकेट आले, तर ते पुढील नियमांकडे जाईल. त्याच इंटरफेसवरून २०३.०.११३.५ असा पत्ता सांगणारे पॅकेट आले, तर कर्मचाऱ्यांच्या विभागातील कोणीतरी सर्व्हरचा वेष घेत आहे. ते तेथेच टाकून द्यावयाचे. ही तपासणी फायरवॉलच्या इतर नियमांच्या आधी होणे आवश्यक आहे. 'सर्व्हरला अमुक ठिकाणी जाण्यास परवानगी' असा नियम पत्ता खरा आहे असे गृहीत धरूनच लिहिलेला असतो. पत्त्याची शहानिशा झालेली नसेल, तर सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला नियमही तोतयाच्या कामी येतो.

बाहेरील इंटरफेसची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यामागे सारे जग आहे. त्यामुळे कोण येऊ शकते याची यादी करता येत नाही, कोण येऊ शकत नाही याचीच करता येते. त्या यादीत पहिला क्रमांक आपल्या स्वतःच्या गटांचा. त्यानंतर १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे खाजगी वापराचे गट येतात. संगणकाने स्वतःशी बोलण्यासाठी राखलेला १२७.०.०.०/८ हा गट व बहुप्रेषणासाठी राखलेले २२४ पासूनचे पत्ते हेही प्रेषक म्हणून बाहेरून येण्याचे कारण नाही. पूर्वी अनेक व्यवस्थापक या यादीत तोवर कोणासही वाटप न झालेले गट घालत असत. दि. ३ फेब्रुवारी २०११ रोजी चौथ्या आवृत्तीतील पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट प्रादेशिक संस्थांना देण्यात आले आणि अशा जुन्या याद्या निरुपयोगीच नव्हे, तर त्रासदायक ठरल्या; कारण कालचा बेवारस पत्ता आज एखाद्या खऱ्या नागरिकाचा असतो.

प्रत्येक इंटरफेससाठी हाताने यादी करण्याऐवजी उपकरणाच्या मार्गतक्त्याचाही उपयोग करता येतो. पॅकेट आले की उपकरण स्वतःस विचारते : या प्रेषकाला उत्तर पाठवायचे झाल्यास मी ते ज्या इंटरफेसमधून पाठवीन, त्याच इंटरफेसवरून हे पॅकेट आले आहे काय? उत्तर नकारार्थी असेल तर पॅकेट टाकून द्यावयाचे. यास उलटमार्ग-तपासणी म्हणता येईल. लिनक्स प्रणालीत हीच सोय आर.पी. फिल्टर या नावाने असून तिची मूल्ये ०, १ आणि २ अशी आहेत. ० म्हणजे तपासणी नाही, १ म्हणजे काटेकोर तपासणी आणि २ म्हणजे सैल तपासणी. सर्व इंटरफेससाठी एक आणि विशिष्ट इंटरफेससाठी दुसरे मूल्य दिले असल्यास त्यांपैकी मोठे मूल्य लागू होते. याचा एक विचित्र परिणाम असा, की सर्वांसाठी २ लिहिले असेल तर एखाद्या इंटरफेसवर १ लिहूनही तेथे सैलच तपासणी चालते.

अडचण येते ती येथे

वरील वर्णन वाचून एखाद्यास वाटेल की हे अर्ध्या तासाचे काम आहे. नव्या कार्यालयात ते तसे असतेही. दोन वर्षांनंतर काय होते, हा खरा प्रश्न आहे. आपल्या उदाहरणातील कार्यालयाने नोएडा येथे शाखा उघडली आणि ती खाजगी तारेने दिल्लीतील आतल्या जाळ्यास जोडली. शाखेस १०.२०.९.०/२४ हा गट दिला गेला. राउटरवर मार्ग लिहिला गेला, पण फायरवॉलच्या दुसऱ्या इंटरफेसमागील यादीत हा गट घालण्याचे राहून गेले. सोमवारी सकाळी शाखेतील कर्मचारी कामास बसले. त्यांचे एकही पॅकेट फायरवॉलपलीकडे जाईना. फायरवॉलच्या दृष्टीने ते सारे तोतये होते.

अशा वेळी दूरध्वनी खणखणू लागतात आणि व्यवस्थापकासमोर दोन पर्याय असतात. यादी दुरुस्त करणे हा एक. स्पूफिंगविरोधी तपासणीच बंद करणे हा दुसरा. दुसरा पर्याय एका खुणेचा असतो व त्याने तक्रार तत्काळ मिटते. 'तूर्त' म्हणून बंद केलेली तपासणी पुन्हा सुरू करण्यासाठी मात्र कोणाचाही दूरध्वनी येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत कच्चा दुवा हाच असून तो तांत्रिक नाही. अनेक उपकरणांत पॅकेट न अडवता केवळ नोंद करण्याची सोय असते. नवा विभाग जोडताना काही दिवस त्या इंटरफेसपुरती तिचा वापर करून, नोंदी पाहून यादी पूर्ण करणे हा मधला मार्ग उपलब्ध आहे. त्यालाही मुदत ठरवून द्यावी लागते, हे ओघानेच आले.

दोन सेवापुरवठादार घेतलेल्या संस्थांची अडचण अधिक खरी आहे. पॅकेट एका पुरवठादाराकडून यावे आणि उत्तराचा उत्तम मार्ग दुसऱ्याकडून असावा, असे घडू शकते. काटेकोर उलटमार्ग-तपासणी अशा निर्दोष पॅकेटलाही अडवते. मार्च २००४ मध्ये इंटरनेटच्या मानकसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका दस्तऐवजात यावर काटेकोर, संभाव्य मार्गांवर आधारित व सैल अशा पद्धतींचा ऊहापोह केला आहे. सैल तपासणीत प्रेषकाकडे जाणारा कोणताही मार्ग, कोणत्याही इंटरफेसमधून, अस्तित्वात असणे पुरेसे असते. परंतु ज्या उपकरणावर 'बाकी सर्व इकडे' असा सर्वसाधारण मार्ग लिहिलेला आहे आणि तो या तपासणीत धरला जातो, तेथे प्रत्येकच पत्त्याकडे मार्ग असतो. तेथे सैल तपासणी ही नावापुरतीच तपासणी होय.

२०२० मधील टाळेबंदीपासून घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली व तिने आणखी एक प्रश्न आणला. कर्मचारी घरून व्ही.पी.एन. द्वारे जोडला जातो, तेव्हा त्याचे कूटबद्ध पॅकेट बाहेरील इंटरफेसवर येते. ते उलगडल्यावर आत निघणाऱ्या पॅकेटवर संस्थेने दिलेला अंतर्गत पत्ता असतो. आतील पत्ता, पण बाहेरील दार! म्हणून व्ही.पी.एन. च्या पत्त्यांसाठी स्वतंत्र गट राखून तो केवळ उलगडलेल्या पॅकेटलाच ग्राह्य धरावा लागतो. सरसकट सवलत दिल्यास मूळ छिद्र पुन्हा उघडे पडते.

फायरवॉलच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकाच विभागातील दोन संगणकांमधील वाहतूक फायरवॉलपर्यंत येतच नाही. तेथे एकाने दुसऱ्याचा पत्ता घेतला तर ते ओळखण्याचे काम स्विचला करावे लागते. संपूर्ण संस्था एकाच सपाट जाळ्यात असेल, तर नोंदणी खिडकीवरील संगणक आणि मुख्य सर्व्हर यांच्यामध्ये तपासणी करील असा इंटरफेसच नसतो. विभाजनाअभावी काय होते, याचा अर्थ या बिंदूवर स्पष्ट होतो. चोरलेल्या पासवर्डने खऱ्या संगणकावरून आलेला मनुष्य मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने थांबत नाही.

बाहेर जाणाऱ्या पॅकेटची जबाबदारी

आतापर्यंतचा विचार स्वसंरक्षणाचा होता. स्पूफिंगचा आज सर्वाधिक उपद्रव होतो तो मात्र तिसऱ्याच पक्षाला. हल्लेखोर बळीचा पत्ता प्रेषक म्हणून लावून जगभरातील खुल्या सर्व्हरना छोटे प्रश्न विचारतो; सर्व्हर मोठाली उत्तरे बळीकडे पाठवतात. यू.डी.पी. पद्धतीत आरंभी हस्तांदोलन नसल्याने हे सहज शक्य होते. दि. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर झालेल्या अशा हल्ल्याचा वेग सेकंदाला १.३५ टेराबिटपर्यंत पोहोचला होता. त्यात वापरलेल्या मेमकॅश्ड सर्व्हरची उत्तरे प्रश्नाच्या हजारो पट मोठी असत.

हा हल्ला बळीच्या फायरवॉलवर थांबवता येत नाही, कारण तेथे पोहोचेपर्यंत पूर आलेलाच असतो. तो थांबवता येतो उगमाशी, म्हणजे ज्या जाळ्यातून खोट्या पत्त्याची पॅकेट बाहेर पडतात त्याच्या वेशीवर. मे २००० मध्ये पॉल फर्ग्युसन आणि डॅनियल सेनी यांनी लिहिलेला, 'बी.सी.पी. ३८' या नावाने ओळखला जाणारा दस्तऐवज हेच सांगतो : आपल्या ग्राहकांना दिलेल्या पत्त्यांव्यतिरिक्त दुसऱ्या पत्त्याचे पॅकेट सेवापुरवठादाराने पुढे जाऊ देऊ नये. पाव शतक लोटूनही त्याचे पालन सार्वत्रिक झालेले नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास याचे कारण सहज उमगेल. गाळणी बसवण्याचा खर्च आणि चुकून ग्राहक अडवला गेल्यास होणारा मनस्ताप पुरवठादाराचा. लाभ मात्र दूरवरच्या अनोळखी जाळ्याचा. कारखान्याच्या धुराप्रमाणे हा बाह्यपरिणामाचा प्रश्न आहे आणि बाजारपेठ तो आपणहून सोडवीत नाही. २०१४ मध्ये इंटरनेट सोसायटीच्या पाठिंब्याने सुरू झालेला 'मॅनर्स' हा उपक्रम जाळेचालकांकडून स्वेच्छेने अशी बांधिलकी घेतो. त्यातील एक कृती स्पूफिंगविरोधी गाळणीची आहे.

दिल्ली परिसरातील यंत्रणा व कायदा

या विषयाशी संबंधित देशातील बऱ्याच यंत्रणा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच एकवटलेल्या आहेत. सरकारी कार्यालयांना जाळ्याची सेवा देणारे, १९७६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र (एन.आय.सी.) आणि जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही संस्था, या दोहोंची मुख्यालये लोदी मार्गावरील सी.जी.ओ. संकुलात आहेत. भारतीय सेवापुरवठादारांची आपापसातील वाहतूक देशातच राहावी यासाठी २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सीचे पहिले विनिमय केंद्र नोएडा येथे सुरू झाले. भारतीय संस्थांना आय.पी. पत्त्यांचे वाटप करणारे इरिन हे निक्सीच्याच अखत्यारीत काम करते. कोणता गट कोणाचा, ही मूळ नोंद तेथे असते व सेवापुरवठादाराची गाळणी शेवटी अशाच नोंदींवर आधारलेली असते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या सुधारणेने कलम ७०-बी समाविष्ट झाले आणि सर्ट-इनला सायबर घटनांसंबंधीची राष्ट्रीय संस्था म्हणून वैधानिक आधार मिळाला. या कलमान्वये दि. २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार विशिष्ट प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवणे बंधनकारक आहे. या घटनांच्या यादीत ओळखचोरी व फिशिंगसमवेत स्पूफिंगचाही नावाने उल्लेख आहे. सेवा ठप्प करणारे हल्लेही तीत आहेत. संगणकव्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात आणि घड्याळे एन.आय.सी. किंवा नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, असेही हे निर्देश सांगतात. ३० जून २०२३ रोजी सर्ट-इनने सरकारी संस्थांसाठी माहिती सुरक्षेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून जाळ्याची सुरक्षा हा त्यांतील एक विषय आहे.

नोंदींविषयीचे हे बंधन स्पूफिंगच्या संदर्भात वेगळे महत्त्व धारण करते. सीमेवर तपासणी नसलेल्या जाळ्यातील १८० दिवसांच्या नोंदी म्हणजे १८० दिवसांचे दावे. तपास अधिकाऱ्यास त्यांत निरपराध संगणकाचा पत्ता सापडू शकतो. म्हणून टाकून दिलेल्या प्रत्येक तोतया पॅकेटची नोंद तीन गोष्टींसह ठेवावी लागते : त्याने सांगितलेला पत्ता, अचूक वेळ आणि ते ज्यावरून आले तो इंटरफेस. आपल्या उदाहरणातील कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या इंटरफेसवरून सर्व्हरचा पत्ता सांगणारे पॅकेट आले, तर पहिल्या बाबीवरून काहीच कळत नाही. तिसरीवरून एवढे निश्चित होते, की शोध त्या इंटरफेसमागील संगणकांतच घ्यावयाचा आहे. पुढे स्विचच्या नोंदी त्याच वेळेशी ताडून नेमका संगणक गाठता येतो.